चेहऱ्यावर नक्की काय आलंय ते आधी ओळखा, ट्यूब नंतर उघडा

चेहऱ्यावर काहीही उठलं की त्याला दोनच नावं मिळतात, एक तर पिंपल नाहीतर ऍलर्जी. आणि घरातल्या कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये एक अर्धी पिळलेली ट्यूब असतेच, कोणाच्यातरी पायाच्या नाहीतर मानेच्या खाजेसाठी कधीकाळी आणलेली, ती लावली जाते, दोन दिवसांत झकास वाटतं, मग तीच ट्यूब घरभर फिरते आणि दोनेक महिन्यांनी चेहऱ्याची अशी वाट लागलेली असते की मुळात काय झालं होतं तेच कळेनासं होतं. हे वाचून कोणी डॉक्टर होणार नाही, पण पिंपल, कोंडा, वांग, रोझेशिया आणि नायटा यातला फरक घरच्या आरशात बऱ्यापैकी कळतो, आणि तो कळला की निम्म्या चुकीच्या गोष्टी आपोआप लावायच्या राहतात.

आधी बघायचं कसं

चेहरा धुतल्या धुतल्या बघू नका, तेव्हा सगळ्यांचाच लाल दिसतो. अर्ध्या तासाने, काहीही न लावता, खिडकीपाशी उजेडात आरसा घेऊन उभं राहा. मग मोबाईलचा टॉर्च लावा पण समोरून नाही, कानाच्या बाजूने, गालावर तिरपा पडेल असा, आणि दुसऱ्या हाताने गालाची कातडी हलकेच ताणा. एरवी सपाट वाटणाऱ्या गालावर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, कातडीच्याच रंगाचे दाणे दिसायला लागतात. हे बंद कॉमेडोन, म्हणजे व्हाइटहेड. नाकावर हनुवटीवर जे काळे ठिपके दिसतात ते उघडे कॉमेडोन, म्हणजे ब्लॅकहेड, आणि ती घाण नसते हे एकदा डोक्यात बसवून घ्या, छिद्रात अडकलेलं तेल आणि मेलेल्या पेशी हवेशी संबंध येऊन काळ्या पडतात, त्यात कातडीला रंग देणारं मेलॅनिनही असतं, त्यामुळे कितीही घासलं तरी ते जात नाही, चेहरा मात्र सोलवटून निघतो.

हे कॉमेडोन शोधणं एवढ्यासाठी की सगळी वाट इथेच फुटते. कॉमेडोन असतील तर बहुतेक पिंपलच. लाल पुळ्या आहेत, पू आहे, पण कॉमेडोन शोधून सापडत नाही, तर थांबा, ते दुसरंच काहीतरी असू शकतं.

मग स्वतःला अजून तीन गोष्टी विचारा. खाजतंय, दुखतंय की जळजळतंय? पिंपल दुखतात, फारसे खाजत नाहीत. बुरशी आणि ऍलर्जी खाजते. रोझेशिया जळजळतो. दुसरं, नक्की कुठे आहे, कारण चेहऱ्यावरचे बरेच आजार आपापली जागा सोडत नाहीत. आणि तिसरं, गेल्या दोन महिन्यांत चेहऱ्याला काय काय लावलं, यात शांपू, हेअर डाय, नेलपॉलिश, टूथपेस्टसुद्धा आली.

पिंपल

खरे पिंपल असतील तर एकाच वेळी सगळ्या अवस्था दिसतात, काही ठिकाणी ब्लॅकहेड, काही ठिकाणी लाल गाठ, काही पिकलेले, काही डाग होऊन बसलेले. हा मिश्र प्रकारच त्यांची खूण. वयात येताना कपाळ नाकावर जास्त, पंचविशी नंतर बायकांना जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर, पाळीच्या आधी वाढणारे. त्यासोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर नुसतं क्रीम लावत बसू नका, पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी जोडलेल्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या.

लावायचं काय? नुसते ब्लॅकहेड व्हाइटहेड असतील तर रात्री ऍडापेलीन ०.१ टक्के, म्हणजे छिद्रं तुंबू न देणारं लावायचं औषध, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. हो, सगळ्या चेहऱ्याला, पिंपलवर ठिपका देऊन नाही, कारण ते पुढचे पिंपल होऊ नयेत म्हणून असतं, आलेला पिंपल रात्रीत बसवायला नाही. सुरुवातीला एक दिवसाआड, कोरड्या कातडीवर, डोळे ओठ आणि नाकपुडीचे कोपरे सोडून. पहिले दोन चार आठवडे कातडी सोलते आणि पिंपल थोडे वाढल्यासारखेही वाटतात, बहुतेक लोक इथेच सोडून देतात आणि मग सांगत फिरतात की काही फरक पडला नाही. फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो, त्याआधी निकाल लावू नका. जास्त कोरडं झालं तर आधी मॉइश्चरायझर मग ऍडापेलीन असं करा, चालतं.

लाल आणि पिकलेले असतील तर सोबत जंतू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड. आणि इथे जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं नसतं, २.५ टक्केवालं लाल पिंपलवर १० टक्केवाल्याच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि चेहरा कमी जाळतं. एक गंमत म्हणजे ते कपड्याचा रंग उडवतं, रंगीत उशीचा अभ्रा आणि टॉवेल यांच्यावर फिके पांढरे डाग पडतात, त्यामुळे पांढरा टॉवेल घ्या. अँटिबायोटिकचं जेल एकट्याने महिनोन्महिने लावू नका, जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणूनच डॉक्टर ते बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत देतात. सॅलिसिलिक ऍसिड अर्धा ते दोन टक्के, हे सौम्य आहे, थोड्याफार ब्लॅकहेडला ठीक, मोठ्या गाठींना त्याने काही होत नाही.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ऍडापेलीन, त्याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन, सगळं बंद. ऍझेलिक ऍसिड चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांबद्दल तर स्पष्टच बोलते, गरोदरपणात घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं, त्यामुळे मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या हा प्रकार अजिबात नको. बाकी योग्य माणसाला, रक्त तपासत, डॉक्टरांच्या नजरेखाली दिल्या तर खोल गाठींच्या आणि खड्डे पाडणाऱ्या पिंपलवर त्यांच्याइतकं जोरदार औषध दुसरं नाही, उगाच नुसत्या नावाला घाबरूनही काही होत नाही.

फोडायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच फोडतात. निदान पिकलेले नसताना दाबू नका, आतल्या आत फुटून जळजळ पसरते आणि मग डाग नाहीतर खड्डा.

पिंपलसारखं दिसतं पण खाजतं

कपाळावर, केसांच्या रेषेलगत, छाती पाठीवर, सगळे एकाच मापाचे बारीक बारीक दाणे, एकही ब्लॅकहेड नाही आणि खाज. याला लोक फंगल ऍक्ने म्हणतात, खरं तर तो ऍक्ने नाहीच, मालासेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळाशी वाढल्यामुळे होतं. ही बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते, घाम, दमट हवा, तेलकट क्रीम यात तिचं फावतं. ओळखायची अजून एक खूण म्हणजे पिंपलसाठी अँटिबायोटिक घेतली आणि हे कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. कारण सरळ आहे, अँटिबायोटिक बुरशीला मारत नाही, उलट तिच्याशी जागेसाठी भांडणारे जंतू मारून तिला मोकळं रान देते. कीटोकोनाझोलचा शांपू नाहीतर क्रीम इथे कामाला येतं, पसरलेलं असेल तर गोळ्या लागतात.

नाकाच्या कोपऱ्यात कोंडा

डोक्यात कोंडा आहे आणि भुवयांमध्ये, नाकपुडीच्या कडेला जो कोपरा असतो तिथे, कानामागे, पुरुषांना दाढी मिशीत लालसर कातडी आणि तिच्यावर तेलकट पिवळसर पापुद्रे, तर हा सेबोरिक डर्मटायटिस. सावळ्या कातडीवर लालपेक्षा फिकट चट्टे जास्त दिसतात. यात लोक काय करतात तर पापुद्रे दिसले म्हणजे कातडी कोरडी आहे असं समजून तेल चोळतात, आणि इथेही तीच मालासेझिया असते जी तेलातल्या फॅटी ऍसिडवर जगते, म्हणजे तुम्ही तिला जेवायलाच वाढताय.

कीटोकोनाझोल २ टक्केचा शांपू डोक्याला लावताना त्याचाच फेस भुवया, नाकाच्या कडा, दाढी इथे लावायचा, डोळे मिटून, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचा. लावला आणि लगेच धुतला याला अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, मग आठ पंधरा दिवसांतून एकदा सांभाळायला. हे कायमचं जात नाही, थंडीत, झोप कमी झाली की, टेन्शनमध्ये परत डोकं वर काढतं, पण आटोक्यात राहतं. परत आलं म्हणजे औषध नकली होतं असं नाही.

गाल लाल आणि जळजळ

रोझेशिया. हा गोऱ्या लोकांचाच आजार असं बरेच जण समजतात आणि म्हणून सावळ्या चेहऱ्यावर तो वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातच येत नाही. साधारण तिशीनंतर, गालांचा मधला भाग, नाक, कपाळाचा मध्य, हनुवटी, इथे ऊन लागलं, गरम चहा कॉफी, तिखट, दारू, गरम पाण्याची आंघोळ, राग आला की चेहरा तापतो आणि बराच वेळ उतरत नाही. वर लाल पुळ्या येतात, पण कॉमेडोन नाही. जवळून बघितलं तर नाकाशेजारी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा. कातडीचा रंग गडद असेल तर लाली शोधू नका, गरम वाटतं का, साधं क्रीमसुद्धा झोंबतं का, गाल जाड फुगल्यासारखे वाटतात का ते बघा. आणि डोळे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, कोरडे पडतात, पापण्यांच्या कडा लाल, हे सोबत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवायचं.

पिंपल समजून इथे कोणी स्क्रब, टोनर, बेंझॉइल पेरॉक्साइडचा मारा केला की चेहरा पेटतो. रोझेशियाला सगळं कमी करायचं असतं. साधा फेस न होणारा क्लींझर, वास नसलेलं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन, आणि आपला चेहरा नक्की कशाने तापतो त्याची दोन तीन आठवडे नोंद, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, उगाच सगळंच बंद करायची गरज नाही. औषधं म्हणजे मेट्रोनिडाझोल, ऍझेलिक ऍसिड १५ टक्के, आयव्हरमेक्टिन १ टक्का, ही डॉक्टर देतात.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकते. दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली आहे पण नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी मात्र कोरी सुटली आहे, सोबत सांधे दुखतात, थकवा, ताप, तोंडात फोड, केस गळती, तर ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, असू शकतो, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

आता त्या ड्रॉवरमधल्या ट्यूबकडे या

ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावा हवं तर. नावाच्या शेवटी सोन, सोल, लोन असं काही दिसलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, तर ते स्टेरॉइड. शेवटी कोनाझोल किंवा ट्रिमाझोल असेल तर बुरशीचं औषध. बऱ्याच ट्यूबमध्ये दोन्ही असतात, वर एखादं अँटिबायोटिक पण, म्हणजे कुठलाही आजार असो नेम लागलाच पाहिजे असा हिशोब. स्टेरॉइड वाईट औषध नाही, एक्झिमाला तेच लागतं, पण चेहऱ्याची कातडी पातळ, त्यात पापणीची तर सगळ्यात पातळ, औषध भराभर आत जातं. स्टेरॉइड जळजळ दाबतं म्हणून काहीही असलं तरी दोन दिवसांत बरं वाटतं, आणि रंगही उजळल्यासारखा दिसतो, त्यामुळे लोक फेअरनेस क्रीम म्हणून लावत राहतात. मग कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, लव वाढते, एकसारख्या बारीक पुळ्या येतात, उन्हात जायची सोय राहत नाही. डोळ्यांजवळ बराच काळ लावलं तर काचबिंदू मोतीबिंदूपर्यंत जाऊ शकतं.

यातलाच एक ओळखीचा नमुना, तोंडाभोवती बारीक लाल पुळ्या, पण ओठांना अगदी लागून एक पातळ पट्टी मात्र स्वच्छ. आरशात जिवणी किंचित ताणून बघा, ती कोरी रेघ स्पष्ट दिसते. हा पेरिओरल डर्मटायटिस, कधी नाकाभोवती डोळ्यांभोवती पण होतो. स्टेरॉइड हे मोठं कारण, शिवाय जाड तेलकट क्रीम, फ्लोराइडची टूथपेस्टही काहींना भोवते. इलाज विचित्र वाटेल पण आहे तो बंद करण्याचा, स्टेरॉइड बंद, मेकअप बंद, जाड क्रीम बंद, साध्या क्लींझरने चेहरा धुवायचा. पण बंद केलं की आधी काही दिवसांत चेहरा अजून लाल होतो, आग होते, आणि माणूस घाबरून परत तीच ट्यूब लावतो, परत बरं, परत बंद, परत आग, हे चक्र वर्षभर चालू शकतं. म्हणून खूप दिवस लावत असाल तर एकदम स्वतःच्या मनाने सोडू नका, डॉक्टर हळूहळू सौम्यावर आणून उतरवतात आणि मधल्या काळासाठी दुसरं औषध देतात.

नायट्याचं तर या ट्यूबने पूर्ण सोंगच बदलतं. एरवी नायटा, गजकर्ण ओळखायला सोपा, गोल चट्टा, कडा उठलेली आणि पापुद्रे सुटणारी, मध्ये बरा झाल्यासारखा, खाज. स्टेरॉइड लावलं की कडा दबते, खाज थांबते, बुरशी मात्र निवांत पसरत जाते आणि नंतर बघणाऱ्या डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, तेव्हा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं.

काळे डाग, तीन वेगळे

पिंपल गेल्यावर राहतो तो डाग आणि खड्डा या दोन गोष्टी आहेत. तोच तिरपा टॉर्च मारा, सपाट असेल तर डाग, सावली पडली तर खड्डा. डाग काही महिन्यांत जातो, ऊन टाळलं तर लवकर, राखाडी निळसर असेल तर रंग खोलवर आहे, त्याला जास्त वेळ. खड्डा कुठल्याच क्रीमने भरत नाही, त्याला स्किनवाल्या डॉक्टरांकडच्या प्रोसिजर लागतात, त्या पण पिंपल यायचे थांबल्यावरच, आधी करून उपयोग नाही.

वांग म्हणजे मेलाज्मा, दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर साधारण सारखेच पसरलेले तपकिरी चट्टे, खाज नाही, दुखणं नाही, पापुद्रा नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातच असणं, आणि सगळ्यावर कडी म्हणजे ऊन. इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, वांग फक्त अल्ट्राव्हायोलेटने वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो, आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं टिंटेड सनस्क्रीन लागतं. वांग असलेल्याने सनस्क्रीन बदलणं हे कुठल्याही महागड्या सीरमच्या आधी करायचं काम.

औषधात हायड्रोक्विनोन, ऍझेलिक ऍसिड, ट्रेनेक्झॅमिक ऍसिड वगैरे. ते तीन औषधांचं एकत्र क्रीम असतं ना, त्याचा मूळ फॉर्म्युला क्लिगमन आणि विलिस या त्वचेच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडला, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. औषध चांगलं आहे, पण ते आठेक आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली. लोक ते वर्षं वर्षं लावतात, आणि मग वर सांगितलेलं सगळं स्टेरॉइडपुराण सुरू, शिवाय हायड्रोक्विनोन फार काळ लावलं की ऑक्रोनोसिस नावाचा निळसर काळा रंग चढतो जो मूळ वांगापेक्षा घालवायला अवघड. वांग फिका होतो, परत येतो, सांभाळावा लागतो, मुळापासून घालवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरा प्रकार कपाळाच्या कडा, कानशिलं, गालाच्या हाडापाशी जाडसर, मखमली काळपटपणा आणि मानेवरही तसाच. तो मळ नाही, घासू नका. ऍकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात त्याला, बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. इथे क्रीमपेक्षा साखर तपासणं आणि वजन बघणं जास्त कामाचं.

पांढरे चट्टे

लहान मुलाच्या गालावर फिकट, कडा धूसर, वर बारीक भुसा असल्यासारखा चट्टा, हा बहुतेक पिटिरियासिस अल्बा, सौम्य एक्झिमाचाच प्रकार. जंत झाले, कॅल्शियम कमी पडलं असं म्हणून औषधं चालू करतात, त्याची गरज नसते. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, आजूबाजूची कातडी उन्हात काळवंडली नाही की चट्टा उठून दिसत नाही, काही महिन्यांत रंग परत येतो. शिबं असतील तर नखाने हलकं खरवडल्यावर भुसा सुटतो, छाती मानेवर पण असतात, बुरशीच्या औषधाने बरी होतात, फक्त रंग भरून यायला वेळ लागतो. कोड दुधासारखा पांढराफटक, कडा स्पष्ट, भुसा नाही, लवकर दाखवलं तर इलाजाला चांगली दाद देतो. आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तिथला घाम किंवा केस कमी झाले असतील तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायचीच, लाजायचं काही नाही, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

बारीकसारीक

डोळ्यांखाली मोहरीपेक्षा लहान, टणक पांढरे मणी म्हणजे मिलिया, दाबून निघत नाहीत, दाबू पण नका, डॉक्टर सुईने काढतात. गालांवर हळूहळू वाढत जाणारे काळे तपकिरी बारीक उंचवटे, आईवडिलांनाही असलेले, ते निरुपद्रवी असतात, नको असतील तर काढता येतात पण चुना, ऍसिड असलं काही लावून जाळू नका. पापण्यांवर अचानक सूज आणि खाज आली तर नेलपॉलिश आठवा, नखांना काही होत नाही आणि हात डोळ्यांना लागून पापणी मात्र सुजते. कपाळ आणि कानाजवळ खाजून चिघळलं तर हेअर डाय.

रोज काय करायचं

कुठलाही आजार असो नसो, सकाळ संध्याकाळ सौम्य क्लींझर, मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बस. तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं, जेलसारखं हलकं घ्या, डब्यावर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न तुंबवणारं, असं लिहिलेलं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांबलचक रेघ येईल एवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. कमी लावलं तर डब्यावरचा आकडा नुसता आकडाच राहतो. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे चेहऱ्यावर नको, लिंबाने भाजून डाग पडतात, सोडा कातडीचं आम्लपण बिघडवतो.

नवीन काही आणलं तर एका वेळी एकच. आधी जबड्याखाली किंवा कानामागे रोज थोडंसं, चार पाच दिवस, काही झालं नाही तर चेहऱ्यावर. चार गोष्टी एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं तर दोषी कोण ते शोधणार कसं?

कधी वाट बघत बसायचं नाही

काही गोष्टींना आरशातली ही सगळी तपासणी लागू नाही. चेहऱ्याच्या एकाच बाजूला जळजळ होऊन पाण्याचे फोड आले, त्यातही नाकाच्या शेंड्यावर, तर नागीण डोळ्यात उतरू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. गाल लाल, गरम, सुजलेला आणि ताप, त्याच दिवशी. मधासारखी पिवळी खपली धरणारी जखम मुलांच्या नाकातोंडापाशी, एक दोन दिवसांत दाखवा आणि तोवर टॉवेल वेगळा ठेवा, पसरते. महिना झाला तरी न भरणारी, परत परत रक्त येणारी पुळी किंवा रंग आकार बदलणारा तीळ, वाट बघू नका. औषधानंतर ओठ डोळे सुजून श्वास लागला तर सरळ इमर्जन्सी.

डॉक्टरांकडे जाताना मेकअप नको, आणि घरातल्या सगळ्या ट्यूब, डबे, पार्लरमधून आणलेली बिननावाची क्रीमसुद्धा, पिशवीत घालून न्या. वाईट दिवसाचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी चेहरा हमखास बरा असतो. किती दिवस कुठली ट्यूब लावली ते खरं सांगा, ओरडा पडेल म्हणून स्टेरॉइड लपवलं तर डॉक्टर जे बघतायत तो आजार नसून त्या ट्यूबचा परिणाम आहे हे कळायलाच दोन फेऱ्या जास्त लागतात.